समविषम संख्यांची निवड: डेटाबेसमधील एका साध्या क्वेरीविषयी

संख्या सम आहे की विषम हे ठरविण्याची रीत प्राथमिक शाळेतील मुलासही ठाऊक असते. दोहोंनी भागून बाकी शून्य उरली तर संख्या सम, न उरली तर विषम. डेटाबेसमधील एखाद्या कोष्टकातून सम अथवा विषम संख्यांच्या ओळी निवडून काढावयाच्या तर त्याही याच रीतीने काढल्या जातात. म्हणून क्वेरी-भाषा शिकू लागलेल्या विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न अगदी आरंभीच ठेवण्यात येतो. त्याचे उत्तर एका ओळीचे असते. ते लिहून झाले की विद्यार्थी पुढे जातो आणि पुन्हा त्याकडे वळून पाहत नाही. संशोधनाच्या कामात मात्र हीच एक ओळ दोन निराळ्या प्रकारांनी फसविते. पहिली फसगत अंकगणिताची आहे व ती थोड्या सावधगिरीने टळते. दुसरी त्याहून गंभीर होय. कारण तीत क्वेरी निर्दोष असते, उत्तरही बरोबर असते, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकतो.

विवेचनासाठी मुंबई-पुणे लोहमार्गावरील गाड्यांचे एक कोष्टक कल्पनेने मांडावे. त्यात तीनच स्तंभ आहेत: गाडीचा क्रमांक, तारीख आणि अखेरच्या स्थानकावर पोहोचण्यास झालेला विलंब, मिनिटांत. गाडी वेळेआधी पोहोचली तर विलंब ऋण संख्येने दाखविला आहे. गाडी रद्द झाली असेल तर विलंबाचे घर रिकामे आहे. संबंधात्मक डेटाबेसची उपपत्ती ई. एफ्. कॉड यांनी १९७० मध्ये मांडली आणि तिला अनुसरून चेंबरलिन व बॉइस यांनी १९७४ मध्ये जी प्रश्नभाषा प्रसिद्ध केली, तिच्यातूनच आजची एस्‌क्यूएल भाषा निघाली. १९८६ मध्ये तिचे अमेरिकी प्रमाणीकरण झाले. परंतु प्रमाण एक असले तरी बोली अनेक, ही स्थिती आजही कायम आहे. बाकी काढण्यासाठी ओरॅकलमध्ये ‘मॉड’ हे फंक्शन वापरावे लागते, मायक्रोसॉफ्टच्या एस्‌क्यूएल सर्व्हरमध्ये ‘%’ हे चिन्ह वापरावे लागते, तर मायएस्‌क्यूएल व पोस्टग्रेस यांमध्ये दोन्ही चालतात. मॉड(क्रमांक, २) = ० या अटीने सम क्रमांकाच्या ओळी मिळतात; शून्याऐवजी १ लिहिला की विषम क्रमांकाच्या. शून्य ही संख्या स्वतः सम आहे, याविषयी यंत्रास कधीही संदेह पडत नाही. संदेह पडतो तो माणसांनाच.

आता विलंबाच्या स्तंभाकडे वळावे. हाताने नोंद करणारा मनुष्य मिनिटे लिहिताना ० व ५ या अंकांकडे झुकतो, आणि त्यांखालोखाल सम अंकांकडे, असा अनुभव आहे. जनगणनेतील वयांच्या नोंदींतही असाच झुकाव आढळतो. एखाद्या अभ्यासकास ही नोंद कितपत विश्वसनीय आहे ते तपासावयाचे असेल तर सम विलंब किती व विषम विलंब किती, हे मोजणे हा स्वाभाविक उपाय होय. समजा, कोष्टकात विलंबाच्या १०० नोंदी आहेत. त्यांपैकी ५० सम व ५० विषम आहेत, आणि विषमांपैकी २० नोंदी वेळेआधी पोहोचलेल्या गाड्यांच्या, म्हणजे ऋण, आहेत. बाकी १ असलेल्या ओळी मागितल्या असता उत्तर ५० येत नाही, ३० येते. कारण उणे ७ ला २ ने भागले असता वर सांगितलेल्या सर्व डेटाबेस-प्रणाली बाकी १ देत नाहीत, उणे १ देतात. भागाकार शून्याच्या दिशेने तोडावयाचा व बाकीस भाज्याचे चिन्ह द्यावयाचे, असा त्यांचा संकेत आहे. गणितज्ञाच्या संकेतानुसार बाकी कधीच ऋण नसते आणि पायथॉनसारख्या भाषेत उणे ७ ची बाकी १ अशीच मिळते. म्हणून एका ठिकाणी तपासून पाहिलेली अट दुसऱ्या ठिकाणी मुकाट्याने चुकते. ओरॅकलच्या पुस्तिकेत या भेदाची स्पष्ट नोंद आहे. तथापि आपल्या अभ्यासकाने ती वाचली नसेल तर ५० सम व ३० विषम हे आकडे पाहून नोंद करणारा कर्मचारी सम संख्यांकडे झुकतो, असे तो लिहून बसेल. ज्या झुकावाचा तो शोध घेत होता तो नोंदीत नव्हता, त्याच्या अटीत होता.

यावर उपाय म्हणून बाकी शून्य नसलेल्या ओळी मागाव्यात, असे अनेक ठिकाणी शिकविले जाते. पूर्णांकांपुरता तो उपाय योग्य आहे. परंतु विलंब अर्ध्या मिनिटापर्यंत मोजला असेल, तर अडीच मिनिटांची बाकी अर्धा येते. ती शून्य नाही, म्हणून अडीच ही संख्या विषम ठरते. वास्तविक अपूर्णांक सम नसतो तसा विषमही नसतो. बाकीचे केवलमूल्य घेऊन ते १ आहे काय, असे विचारले म्हणजे ऋण संख्या गळत नाहीत व अपूर्णांक शिरत नाहीत. पूर्णांकांसाठी आणखी एक रीत आहे. संगणकात संख्या द्विमान पद्धतीने साठविलेली असते आणि तिचा अखेरचा बिट १ असेल तर ती विषम. हा बिट ‘&’ या क्रियेने, ओरॅकलमध्ये ‘बिटअँड’ने, वेगळा काढता येतो. ऋण संख्या ज्या पूरक पद्धतीने साठवितात तीत उणे ७ चा अखेरचा बिटही १ च असल्यामुळे चिन्हाचा घोटाळा येथे संभवत नाही.

रिकाम्या घरांचा प्रकार याहून निराळा. रद्द झालेल्या गाडीचा विलंब सम नाही, विषम नाही. त्याविषयी काहीच म्हणता येत नाही. एस्‌क्यूएलमध्ये रिकाम्या मूल्यास ‘नल’ म्हणतात, आणि नलशी केलेल्या तुलनेचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ नसून ‘अज्ञात’ असे असते. अज्ञात ओळ सम मागणाऱ्या क्वेरीत येत नाही व विषम मागणाऱ्या क्वेरीतही येत नाही. सम आणि विषम मिळून सर्व, हे शाळेतील समीकरण येथे मोडते. पुष्कळदा वेळ वाचविण्यासाठी एकूण ओळींमधून सम ओळींची संख्या वजा करून विषमांची संख्या काढली जाते. तसे केले तर रद्द झालेल्या सर्व गाड्या विषम विलंबाच्या म्हणून मोजल्या जातात.

अंकगणिताच्या फसगतींमध्ये मराठी अभ्यासकाने विशेष जपावे अशी एक गोष्ट संख्येच्या लिपीविषयीची आहे. गाडीचा क्रमांक संख्या म्हणून न साठविता अक्षरमाला म्हणून साठविणेच योग्य. कारण विशेष गाड्यांचे क्रमांक शून्याने सुरू होतात आणि संख्या म्हणून साठविताना पहिले शून्य नाहीसे होते. परंतु अक्षरमालेवर भागाकार करावयाचा म्हणजे तिचे आधी संख्येत रूपांतर व्हावयास हवे, आणि येथे प्रणालींचे स्वभाव भिन्न आहेत. पोस्टग्रेस, ओरॅकल व एस्‌क्यूएल सर्व्हर यांना अक्षरमालेतून संख्या काढता आली नाही तर ते चूक दाखवून थांबतात. मायएस्‌क्यूएल व एस्‌क्यूलाइट हे निवड करताना थांबत नाहीत. जिचा आरंभ अंकाने होत नाही अशी अक्षरमाला ते शून्य मानतात, आणि शून्य सम आहे. या प्रणालींच्या लेखी अंक म्हणजे रोमन लिपीबरोबर वापरले जाणारे अंक. एखाद्या कार्यालयातील नोंदी देवनागरी अंकांत टंकित केलेल्या असतील तर ‘१२१२३’ व ‘१२१२४’ या दोन्हींचे मूल्य शून्य होते, आणि सर्वच गाड्या सम ठरतात. मायएस्‌क्यूएल याबद्दल एक सूचना देतो खरा, पण ती मागितल्यावाचून पुढे येत नाही.

दिल्लीतील वाहनांच्या सम-विषम योजनेचे उदाहरण येथे लागू पडते. हवेतील प्रदूषण कमी करण्यासाठी १ ते १५ जानेवारी २०१६, त्यानंतर १५ ते ३० एप्रिल २०१६ व पुढे ४ ते १५ नोव्हेंबर २०१९ या काळांत तेथे खाजगी मोटारगाड्यांना एक दिवसाआड रस्त्यावर येण्याची मुभा होती. नोंदणी-क्रमांकाचा शेवटचा अंक विषम असेल तर विषम तारखेस आणि सम असेल तर सम तारखेस. शेवटचा अंक शून्य असल्यास गाडी सम, हे नियमात सांगून टाकले होते. मोटारीचा नोंदणी-क्रमांक अक्षरांनी सुरू होतो. त्या सबंध क्रमांकास दोहोंनी भागण्याची अट मायएस्‌क्यूएलमध्ये लिहिली तर दिल्लीतील प्रत्येक मोटार सम निघेल. येथे शेवटचे एक अक्षर कापून घेऊन त्याचेच रूपांतर करावयास हवे. किंबहुना ते १, ३, ५, ७, ९ यांपैकी एक आहे काय, असे विचारले म्हणजे भागाकाराची गरजच उरत नाही.

येथवर जे सांगितले ते क्वेरी लिहिणाऱ्याच्या दक्षतेने सुधारण्याजोगे आहे. दुसरी फसगत तशी नाही. कोष्टक मोठे असले म्हणजे अभ्यासासाठी निम्म्या ओळी निवडण्याची इच्छा होते, आणि सम क्रमांक घेतले की निम्म्या ओळी आपोआप मिळतात, नमुनाही निःपक्षपाती राहतो, असा समज फार रूढ आहे. वरील कोष्टकात गाडी-क्रमांक सम असलेल्या ओळी घेतल्या तर काय होईल? डेक्कन क्वीनचा क्रमांक मुंबईहून पुण्यास येताना १२१२३ आणि पुण्याहून मुंबईस जाताना १२१२४ असतो. सिंहगड एक्सप्रेसचे क्रमांक ११००९ व ११०१०, इंद्रायणीचे २२१०५ व २२१०६, कोयनेचे ११०२९ व ११०३०. या प्रत्येक जोडीत मुंबईहून सुटणारी गाडी विषम व मुंबईकडे जाणारी सम आहे. २०१० च्या डिसेंबरात भारतीय रेल्वेने गाड्यांचे क्रमांक चार अंकांचे पाच अंकी केले, तरी जोडीची ही रचना टिकून राहिली. म्हणजे अशा गाड्यांतून सम क्रमांक निवडणाराच्या हाती निम्म्या गाड्या येतात खऱ्या, पण त्या सर्व एकाच दिशेच्या असतात.

दिशेला या मार्गावर किती महत्त्व आहे, हे ज्याने कर्जत व लोणावळा यांमधील बोर घाट पाहिला आहे त्याला सांगावयास नको. तेथे चढ ३७ फुटांस १ फूट इतका उभा आहे. पुण्याकडे चढणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने, ज्यांना रेल्वेत ‘बँकर’ म्हणतात, जोडावी लागतात व ती जोडण्यास वेळ लागतो. मुंबईकडे उतरणाऱ्या गाड्यांपुढचा प्रश्न इंजिनाच्या शक्तीचा नसून वेगाची मर्यादा व ब्रेक यांचा असतो. विलंबाची कारणे दोन्ही दिशांना भिन्न आहेत. (मुंबईपासून दूर जाणारी गाडी ‘डाऊन’ व मुंबईकडे येणारी ‘अप’ या संकेतामुळे घाट चढते ती गाडी डाऊन आणि उतरते ती अप, ही गंमत या मार्गावरील जुन्या प्रवाशांच्या परिचयाची आहे.) सम क्रमांकांच्या निम्म्या नमुन्यावरून मुंबई-पुणे मार्गावरील विलंबाचा जो सिद्धान्त मांडला जाईल त्यात बँकर जोडण्यास लागणारा वेळ कोठेही दिसणार नाही, आणि तो का दिसत नाही, हे क्वेरी कितीही वेळा तपासली तरी कळणार नाही, कारण तीत चूक नाहीच.

क्रमांकाच्या समविषमतेत अर्थ भरून ठेवण्याची ही प्रथा रेल्वेपुरती नाही. पॅरिसमध्ये १८०५ च्या आदेशानुसार रस्त्याच्या एका बाजूच्या घरांना विषम व दुसऱ्या बाजूच्या घरांना सम क्रमांक देण्यात आले. तेथे सम घरे निवडणे म्हणजे रस्त्याची एकच बाजू निवडणे होय. याहून बोलके उदाहरण उत्तर युरोपातील नागरिक-नोंदणीचे आहे. डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक नागरिकास दहा अंकी क्रमांक दिला जातो; त्याचा अखेरचा अंक पुरुषांसाठी विषम व स्त्रियांसाठी सम असतो. स्वीडनच्या दहा अंकी क्रमांकात नववा अंक हेच काम करतो, तर फिनलंडमध्ये जन्मतारखेनंतर येणारी तीन अंकी संख्या. एखाद्या परदेशी अभ्यासकाने डेन्मार्कच्या नोंदींतून विषम क्रमांकांचा निम्मा नमुना घेतला तर त्याच्या संशोधनात एकही स्त्री असणार नाही. निदान तेथे चूक पहिल्याच दृष्टिक्षेपात उघडकीस येईल. बोर घाटाच्या उदाहरणात ती येत नाही.

डेटाबेसच्या अंतर्रचनेतूनही हा अर्थ नकळत शिरतो. दोन सर्व्हर एकाच वेळी नव्या ओळींना क्रमांक देत असतील तर एकच क्रमांक दोनदा दिला जाऊ नये म्हणून एकास विषम व दुसऱ्यास सम क्रमांक वाटून देण्याची युक्ती योजली जाते; मायएस्‌क्यूएलमध्ये क्रमांकाची वाढ दोनाने व आरंभ १ अथवा २ पासून, असे ठरवून देता येते. छायाचित्रांच्या फ्लिकर या सेवेने क्रमांक देण्यासाठी असे दोन सर्व्हर चालविल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध केले होते. त्या व्यवस्थेत ओळ कोणत्या सर्व्हरकडे गेली हे योगायोगावर असेल तर नमुन्यास बाध येत नाही; पण एखाद्या संस्थेत एक सर्व्हर एका शहरातील नोंदींसाठी व दुसरा दुसऱ्या शहरातील नोंदींसाठी असेल तर सम क्रमांक म्हणजे एक शहर असे होते. कोष्टक पाहून हे समजत नाही; ज्याने ती व्यवस्था लावली त्यालाच विचारावे लागते.

वैद्यकातील परीक्षणांना हा धडा डेटाबेसच्या पुष्कळ आधी मिळाला. योहानेस फिबिगर यांनी कोपनहेगनच्या रुग्णालयात घटसर्पाच्या ४८४ रुग्णांना दाखल होण्याच्या दिवसाप्रमाणे, एका दिवसाआड, प्रतिविष दिले व आपले निष्कर्ष १८९८ मध्ये प्रसिद्ध केले. त्या काळी ही पद्धत फार प्रगत होती. परंतु आळीपाळीच्या वाटणीत पुढच्या रुग्णास कोणता उपचार मिळणार हे डॉक्टरास आधीच ठाऊक असते, आणि रुग्णास आज दाखल करावयाचे की उद्या, या निर्णयावर त्या माहितीची छाया पडू शकते. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या परीक्षणात ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक संख्यांच्या आधारे वाटणी करून ती बंद लिफाफ्यांत ठेवली, ती याच कारणाने.

क्रमांक अर्थवाही आहे असे कळल्यावर पुष्कळजण क्रमांक सोडून ओळींच्या अनुक्रमाचा आश्रय घेतात. ‘रो नंबर’ या फंक्शनने प्रत्येक ओळीस १, २, ३ असा नवा अनुक्रम देता येतो. त्यातील सम ओळी घेतल्या म्हणजे एकाआड एक ओळ मिळते आणि मूळ क्रमांकांत मध्ये रिकाम्या जागा असल्या तरी बिघडत नाही. संख्याशास्त्रात हीच सुव्यवस्थित नमुना-निवड होय. तिची उपपत्ती डब्ल्यू. जी. व एल. एच. मॅडो यांनी १९४४ मध्ये मांडली. तिचा ज्ञात दोष असा की कोष्टकातच दोनाचे आवर्तन असेल तर नमुना त्यात अडकतो. केवळ डेक्कन क्वीनच्या ओळी तारखेने व नंतर क्रमांकाने लावल्या तर पहिली ओळ १२१२३, दुसरी १२१२४, तिसरी पुन्हा १२१२३ अशी मालिका तयार होते, आणि सम ओळी म्हणजे पुन्हा घाट उतरणाऱ्याच गाड्या. मध्ये एखाद्या दिवशी एकाच दिशेची गाडी रद्द होऊन तिची ओळच कोष्टकात नसली तर तेथून पुढे क्रम उलटतो व नमुन्यात एकदम चढणाऱ्या गाड्या येऊ लागतात. अशा वेळी वर्षाच्या पूर्वार्धाची व उत्तरार्धाची तुलना केली तर जो फरक दिसेल तो ऋतूचा नसून दिशेचा असेल. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात हे सर्वांस ठाऊक असल्यामुळे त्या फरकास एक पटणारे कारण लगेच सापडते, आणि चूक अधिकच पक्की होते.

वेगाच्या दृष्टीने पाहता या क्वेरीविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. स्तंभावर भागाकार केला की त्या स्तंभाची साधी इंडेक्स उपयोगी पडत नाही व सर्व ओळी वाचाव्या लागतात, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. परंतु निम्म्या ओळी हव्या असताना सर्व वाचणे हेच बहुधा स्वस्त पडते, म्हणून बाकीवर वेगळी इंडेक्स रचण्याचा खटाटोप सहसा सार्थकी लागत नाही.

समविषमतेची निवड खरोखर उपयुक्त ठरते ती त्या समविषमतेचा उगम ठाऊक असतो तेथे. पाऱ्याच्या रक्तदाबमापकाची पट्टी २ मिलिमीटरच्या अंतराने आखलेली असते. त्यावर घेतलेली नोंद सम संख्येतच असावयास पाहिजे. त्या उपकरणाने घेतलेल्या म्हणून दिलेल्या नोंदींतून विषम संख्या निवडल्या असता एक तर उपकरण दुसरे वापरले गेले, किंवा दोन मापनांची सरासरी लिहिली गेली, किंवा संख्या अंदाजाने भरली गेली, असे शोधता येते. येथे एका ओळीची क्वेरी एका पर्यवेक्षकाचे काम करते.

निम्मा नमुना हवा असेल तर क्रमांकाशी संबंध नसलेला यादृच्छिक संख्यांचा एक स्तंभ कोष्टकात एकदाच भरून ठेवावा व निवड त्यावरून करावी. तो साठविलेला असल्यामुळे दुसऱ्या अभ्यासकास तोच नमुना पुन्हा काढता येतो. दिशेसारखा भेद आधीच माहीत असेल तर प्रत्येक दिशेच्या ओळींतून स्वतंत्रपणे निम्म्या घ्याव्यात. निवड झाल्यावर विलंब सम असलेल्या, विषम असलेल्या, अपूर्णांकात असलेल्या व रिकाम्या असलेल्या ओळी निरनिराळ्या मोजून त्यांची बेरीज एकूण ओळींशी जुळते काय ते पाहावे. १२१२३ व १२१२४ या दोन्ही गाड्यांचे दिवस नमुन्यात जवळपास सारख्या संख्येने आले आहेत की नाही, हेही गाडी-क्रमांकाप्रमाणे गट पाडणारी आणखी एक क्वेरी लिहून पाहता येते, आणि तीही एका ओळीचीच असते.